आमचे बाबा, दोन टिंबं आणि कोरी जागा

वही उचलून दप्तरात ठेवायची, एवढंच बंबमास्तरांच्या मनात होतं. वाचायची नव्हती. देवाशपथ नव्हती. पण जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली वही उचलायची म्हटली की नजर जातेच हो, आणि एकदा गेली की लवकर परत येत नाही. पानावर त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीच्या गोलगोल अक्षरात भाषणाचा मथळा होता: 'आजकालचे बाबा, प्रकार व लक्षणे.'

मास्तर उभ्याउभ्या वाचायला लागले ते खुर्ची ओढून बसलेच.

'मोबाइल बाबा: हे घरात असतात, पण फक्त हं हं करतात. काहीही मागितलं तरी हो म्हणतात आणि नंतर मी कधी म्हटलं म्हणतात. कोच बाबा: हे स्वतः कधी पळालेले नसतात. दोस्त बाबा: ह्यांना आपल्या मैत्रिणींमध्ये बसायचं असतं. मैत्रिणींना ते नको असतं. किचन बाबा: हे महिन्यातून एकदा स्वयंपाक करतात आणि महिनाभर सांगतात.'

खाली पाचचा आकडा. पुढे 'आमचे बाबा', दोन टिंबं आणि कोरी जागा. चांगली चार ओळींची.

आता दुसरा कोणी असता तर हसून वही मिटली असती. पण मास्तरांचं काम काय, तर इमारतीइमारतींमधली आग विझवायची लाल नळकांडी तपासायची, कार्डावर तारीख टाकायची, सही ठोकायची आणि पुढे निघायचं. कार्डावरचा एक रकाना रिकामा दिसला तरी त्यांना जेवण जात नसे. (बंबमास्तर हे नाव राहत्या इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत. पण पाठीमागचं बोलणंही ऐकू येतंच.)

"अगं, ती माझ्यावर भाषण करणार आहे!" ते स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजले.

"तुझ्यावर नाही, बाबांवर," बायको म्हणाली. "पुढच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये. आईबाबांना बोलावलंय."

"माझी जागा कोरी ठेवलीये तिने."

"मग विचार की तिला." बायको औषधांच्या दुकानात नोकरीला होती. कुठली गोळी, किती वेळा, हे दोन शब्दांत उरकायची तिला सवय होती.

"असं कसं विचारू? मला बरं वाटावं म्हणून काहीतरी छान लिहील."

"मग वाटून घे ना बरं!"

हे काही मास्तरांना पटलं नाही. त्यांनी आपल्या पद्धतीने विचार केला. चार प्रकार आहेत, प्रत्येकात दोष आहेत. दोष तेवढे काढून टाकले की जो उरेल तो उत्तम बाप. हातात आठ दिवस होते. मोबाइल बाबा व्हायला काही करावं लागत नाही, म्हणून तो प्रकार त्यांनी बाजूला ठेवला आणि दोस्तीपासून सुरुवात केली.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी लेकीच्या दोन मैत्रिणी पत्ते खेळायला आल्या. मास्तर मांडी घालून मध्येच बसले. आधी नियम समजावून सांगितले, मग मुली चुकीचे नियम खेळत होत्या ते समजावून सांगितलं, मग लागोपाठ तीन डाव जिंकले. चौथ्या डावाला तिघी पाणी पिऊन येतो म्हणून उठल्या त्या परत फिरकल्याच नाहीत. मास्तर मात्र अर्धा तास चौघांचे पत्ते एकटेच खेळत बसले. (तोही डाव जिंकले.)

संध्याकाळी मागच्या मैदानावर कोचगिरी झाली. हातात स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी. "गुडघे वर! श्वास नाकाने!" लेक दोन फेऱ्या मारून थांबली आणि म्हणाली, "बाबा, तू एकदा दाखव ना पळून." ते पळाले. पहिल्याच वळणावर पोटरीत असा काही गोळा आला, की लेकीने हात धरून चार जिने चढवून त्यांना घरी आणलं.

राहिलं किचन. रविवारी सकाळी बायको दुकानात गेली होती, लेक कानांवर हेडफोन चढवून खोलीत चित्र काढत बसली होती. मास्तरांनी ऑम्लेट पॅनमध्ये ओतलं आणि दोन मिनिटं थांबायचं म्हणून इकडेतिकडे बघितलं. बघितलं आणि तिथेच घात झाला. स्वयंपाकघरातल्या लाल नळकांडीच्या कार्डावर ह्या महिन्याची सही नव्हती! स्वतःच्या घरात! शरमेने त्यांचे कान लाल झाले. ते पेन शोधायला गेले. निळं मिळालं, पण नियमाप्रमाणे काळं लागतं. काळं मिळेपर्यंत स्वयंपाकघरात धूरच धूर झाला होता.

एखाद्याने काय केलं असतं? गॅस बंद करून खिडकी उघडली असती. मास्तरांनीही केलं ते, तज्ज्ञ होते ते. तेवढ्याने काम संपलंही होतं. पण धूर दिसला की इमारत रिकामी करायची, हे गेली अठरा वर्षं ते जगाला शिकवत आलेले. त्यांनी जिन्यावरची धोक्याची घंटा दाबली. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या मागे लागून बसवून घेतलेली आणि आजवर कोणी बोटसुद्धा न लावलेली घंटा!

इमारत खडबडून बाहेर पडली. रिटायर झालेले प्रोफेसर अर्ध्या दाढीला फेस लावून, दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई गळ्यात टेप घालून, एक काकू डोक्याला हेअर डाय फासून. मास्तर यादी हातात घेऊन फाटकाशी उभे. ते एकेकावर खूण करत गेले आणि शेवटी यादी उंच धरून ओरडले.

"एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस! चार मिनिटं दहा सेकंद! अभिनंदन!"

"आग कुठाय?" प्रोफेसरांनी विचारलं.

"आग महत्त्वाची नाही, सर. शिस्त महत्त्वाची."

"ते असू दे हो," शिंपीणबाई वर बघत म्हणाल्या. "सगळे आले म्हणता, तर मग चौथ्या मजल्याच्या खिडकीत ती कोण?"

खिडकीत लेक उभी होती. हेडफोन गळ्यात. "बाबा," ती वरून ओरडली, "मी पण यायचं का?"

यादी मास्तरांनीच केली होती. मोजणाऱ्याने स्वतःचं घर मोजायचं नाही, असा नियम होता. तोही त्यांनीच केला होता. पण त्या क्षणी नियम आठवायला ते जागेवर होतेच कुठे? दुखऱ्या पोटरीनिशी चार जिने ते कसे चढले देव जाणे. आग नव्हती, धूरही निघून गेला होता, तरी त्यांनी लेकीला घट्ट जवळ घेतलं. एकोणचाळीस माणसं वाचवली आणि एक विसरलो, तीही एकुलती एक. त्यांना रडूच आलं.

"बाबा, ऑम्लेट कुठंय?" लेक त्यांच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली.

त्या दिवसापासून ती कोरी जागा मास्तरांच्या उरावर बसली. आधी ती भरली जावी म्हणून धडपड, आता ती भरू नये म्हणून नवस. चार ओळींत काय बसणार हे काय सांगायला हवं? बुधवारी शिंपीणबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "शनिवारी आम्ही आलो भाषण ऐकायला तर चालेल का हो, साहेब?" गुरुवारी मास्तरांनी धीर केला.

"रविवारचं ते... भाषणात घेणार नाहीस ना गं?"

"भाषण आधी फोडायचं नसतं, बाबा," लेक म्हणाली आणि वही उशीखाली घालून झोपली.

शनिवारी मास्तर हॉलमध्ये शेवटून दुसऱ्या रांगेत, बायकोच्या आड बसले. लेक माइकपुढे आली. 'मोबाइल बाबा' म्हणताच पुढच्या रांगेत कोणीतरी पटकन फोन खिशात घातला. 'कोच बाबा' म्हणताच आपल्या मुलाला ताठ उभं राहायच्या खुणा करणारे एक गृहस्थ गप्प खाली बसले. सगळा हॉल हसत होता. प्रत्येक बाप दुसऱ्याकडे बोट दाखवून हसत होता. किचन बाबा झाले. मास्तरांनी डोळे मिटले, बायकोचा हात घट्ट धरला.

"असे हे बाबांचे चार प्रकार. धन्यवाद!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. अहो, उभं राहून वाजवल्या! आणि वाजवता वाजवता हात हळूहळू थांबले. चार? चारच?

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तिला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. "फारच छान बोललीस हं! पण काय गं... तो पाचवा?"

"तू माझी वही वाचलीस?"

"दप्तरात ठेवताना दिसली जराशी."

"हां, तो होता. लिहिला पण होता. पण बाई म्हणाल्या, तीन मिनिटांत पाच प्रकार बसत नाहीत, एक गाळ." लेकीने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. "बाकीचे चारही माझ्या मैत्रिणींचे बाबा आहेत ना? त्यांना गाळलं असतं तर ते रुसले असते. तुझं काय, तू घरचाच."

"पण लिहिलं काय होतंस माझ्याबद्दल?"

"आता नाही आठवत. ते पान फाडून मी एकीला आपला पत्ता लिहून दिला."

"चांगलं होतं की वाईट, तेवढं तरी सांग."

लेकीने प्रामाणिकपणे विचार केला. "लांब होतं," ती म्हणाली आणि मैत्रिणींकडे पळाली.

मास्तरांना फार लागलं ते. रुसायचं असेल तर आपल्यालाही रुसता येतं, हे घराला एकदा कळू दे, असं त्यांनी ठरवलं आणि ते अगदी रीतसर रुसले. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारचा अख्खा दिवस कोणाशी अवाक्षर बोलले नाहीत. सोमवारी सकाळी नाश्त्याला तिघं टेबलाशी बसली, तेव्हा बायकोने गोळ्यांची एक पट्टी त्यांच्या बशीशेजारी सरकवली.

"घसा बसलाय ना तुझा? कोमट पाण्याबरोबर, दिवसातून दोनदा."

"तरीच!" लेक ब्रेडला लोणी लावत म्हणाली. "मला वाटलं, बाबा बाहेरगावी गेलाय."