कोपरानं बेल वाजवणारे निमकर

शेजारचे निमकर आमची बेल कोपरानं वाजवतात. कोपराला नेम नसतो, त्यामुळे ती जरा जास्तच वेळ वाजते आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणते, "निमकर आले. साबण आहे ना बघा." आत येऊन ते आधी हात धुतात. मग नळ बंद करतात. मग नळाला हात लागला म्हणून पुन्हा धुतात.

"अहो, नळही तुम्हीच धुतलात ना आत्ता?"

"धुतला. पण खात्री काय?"

शनिवार पेठेतला दूधवाला, न्हावी, डॉक्टर, कुणीही या 'खात्री काय?'मधून सुटलेलं नाही.

पेठेत हे हसण्यावारी जायचं, वाघोलीत जात नव्हतं. तिथं त्यांची मुलगी राहते. ती आणि जावई दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. निमकर दर रविवारी बसनं नातीला बघायला जात. बसमधून उतरलं की हात धुणं आलंच, आणि ते संपेपर्यंत नात झोपून गेलेली. वर्षाची झाली, तरी आजोबांनी तिला एकदाही उचललं नव्हतं.

"माझ्या हाताचं काही तिला लागलं तर?" हे त्यांनी मला एकट्यालाच सांगितलं होतं.

शेवटी मुलीनं त्यांना मेंदूच्या ट्रेनिंगला घातलं. सोबतीला मी. डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि पडद्यावरचा फुगा बघायचा. मन शांत झालं की फुगा वर जाणार.

"ह्या आधी कुणाच्या डोक्याला होत्या?" निमकरांचा पहिला प्रश्न.

"पुसल्यात, काका," थेरपिस्ट मुलगी म्हणाली. "तुम्ही काही करू नका. नुसते बसा."

"नुसतं बसायचं? ते मी नोकरीत पगार घेऊन केलंय."

फुगा तळालाच चिकटून. मग तिनं विचारलं, काय आठवलं की बरं वाटतं? फुगा हळूच हलला.

"नातीचं जावळ," ते म्हणाले. "लांबूनच बघितलंय."

पुढे ते न चुकता गेले. घरी नळाला हात लावून तसंच बसून राहायचा अभ्यास असे. घामाघूम व्हायचे, पण उठायचे नाहीत. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

परवा रविवारी संध्याकाळी बेल वाजली. तशीच, लांबलचक. म्हटलं, सगळं फुकट गेलं. दार उघडलं तर निमकर दोन्ही हात पोटाशी धरून उभे. सदऱ्यावर बिस्किटाचा लगदा. जावई गाडीनं सोडून गेला होता.

सवयीनं मी बेसिनकडे बोट दाखवलं.

"आज नको," ते म्हणाले. "उचलली तिला. बेलही म्हणून कोपरानं वाजवली. हाताला तिचा वास आहे अजून."