गावित सरांचा हादरा

आमचे शेजारी गावित सर कुठलीही वस्तू आधी हलवून बघतात. नारळ काय, सगळेच हलवतात. सर कुलूपही कानाशी नेऊन हलवतात. एकदा आमच्या पाहुण्यांशी हात मिळवताना त्यांनी पाहुणेच हलवून पाहिले. "हादरा सोसला पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जव्हारच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण परीक्षा घ्यायची खोड काही गेली नाही.

याला कारण त्यांची लेक मंजुळा. आई गेल्यापासून घरात हे दोघंच. आता ती बंगळुरात छोट्या उपग्रहांसाठी दुर्बिणी बनवते, पाण्याच्या तांब्याएवढ्या. रॉकेट सुटताना असा हादरा बसतो की आतले आरसे केसभर सरकले तरी सगळं धूसर दिसतं, आणि वर जाऊन स्क्रू पिळणार कोण? तिची पहिली दुर्बीण हादऱ्याच्या चाचणीत नापास झाली. "बाबा, पुन्हा नापास झाले तर सगळं सोडून घरी येते," ती फोनवर रडत म्हणाली.

सर इरेला पेटले. प्लॅस्टिकच्या पाइपात दाढीचा आरसा बसवून स्वतः एक दुर्बीण केली आणि दाभोसा गावाला जाणाऱ्या जीपच्या टपावर बांधली.

"मास्तर, पाइपात कोंबडा कोंडलाय का?" जीपवाल्यानं विचारलं.

"तू फक्त खड्डे चुकवू नको."

अशी सूचना त्याला जन्मात मिळाली नव्हती. त्यानं ती मनापासून पाळली. परतल्यावर सर शिरपामाळावर उभे राहून दुर्बिणीतून समोरचं झाड बघायचे. झाडाच्या जागी हिरवा डाग दिसायचा. मग लेकीला फोन, "आरसा पुन्हा सरकला गं!"

"म्हणून तर बाबा, मी आता आरसे बसवतच नाही," एक दिवस ती म्हणाली. "एकच जाड काच घासायची आणि तिच्याच दोन्ही अंगांना मुलामा देऊन आरसे करायचे."

सर हरखले. "वेगळं ठेवलंच नाही तर सुटणार काय?" हे त्यांनी भाजीवालीलासुद्धा समजावून सांगितलं.

परवा फोन आला. पास! सरांनी गल्लीभर पेढे वाटले, प्रत्येक पुडा हलवून. मी अभिनंदन करायला गेलो, तर मागच्या खोलीत नव्या दोरीनं विणलेली खाट आणि तिच्यावर धुतलेली गोधडी.

"कुणी येणार आहे का, सर?"

"नाही. नापास झाली असती तर आली असती. म्हणून विणली." सर खाटेकडे बघत होते. "पास व्हावी म्हणून जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली. आणि घरी आलो की ही विणायला बसायचो. काच एकच करता येते हो, माणसांचं तसं जमत नाही."

 

सरांनी खाटेचा पाय धरून ती गदागदा हलवली. कुठेही कुरकुर नाही.

"राहू दे इथंच," ते म्हणाले. "दिवाळीला रजा असतेच की." आणि मुळीच सैल न पडलेली दोरी त्यांनी पुन्हा एकदा ओढून घट्ट केली.