धोंडूआबांना सुट्टी बाधते

लढाईच्या दिवसांत रविवार आला, की आमच्या चाळीतले लोक हजामत करायचे, नाहीतर मटण आणायचे. शेजारचे धोंडूआबा मात्र शेगडीवर जस्ती पत्र्याचा तुकडा लालबुंद तापवायचे आणि डोक्यावरून घोंगडी घेऊन त्याचा धूर ओढत बसायचे. सर्दीला वाफारा घेतात ना, तसा. बायका खोकत खोकत शिव्या द्यायच्या. आबा घोंगडीतूनच म्हणायचे, "उद्याची तयारी चाललीया, वैनी."

लोणावळ्यात स्टेशनामागं एका ठेकेदाराचा कारखाना होता. तिथं आबा आणि मी लष्करासाठी पाण्याच्या जस्ती टाक्या झाळायचो, म्हणजे पत्र्यांचे सांधे तापवून टाके घालत जोडायचो. एक आठवडा आबा टाकीच्या आत आणि मी बाहेर काठाच्या सांध्यांवर, पुढच्या आठवड्यात उलट. आत बसलं की पांढरा धूर नाकातोंडात जायचा. तोंड गोडसर व्हायचं आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा. तीन-चार दिवसांत सवय व्हायची, पण रविवार घरी काढला की सोमवारी पुन्हा ताप हजर. झालं, आबांनी निकाल लावून टाकला. ताप धुराचा न्हाई, सुट्टीचा.

"जस्त म्हंजी जावई हाय," ते सांगायचे. "रोज इचारपूस केली तर गुमान बसतंय. एक दिस खाडा झाला की रुसलंच."

एकदा डॉक्टरांनी आबांच्या छातीला नळी लावली. म्हणाले, "या धुरानं अंगातली ताकद खाल्लीय. साधी सर्दीसुद्धा आता तुम्हाला महागात पडेल. आठ दिवस सुट्टी घ्या."

"सुट्टीच बाधतीया मला," आबा म्हणाले, "अन् तुमी आठ दिसांची देताय व्हय?"

पावसाळ्यात मी न्यूमोनियातून कसाबसा उठलो आणि तेव्हापासून या म्हाताऱ्यानं उच्छाद मांडला. टाकीत उतरायची पाळी माझी आली, की सोमवारी सकाळीच मेस्त्रीच्या देखत, "गणपा, तुझा टाका वाकडा पडतोय, सर बाजूला." आणि स्वतः आत. दर खेपेला तेच. माझं डोकं असं फिरायचं म्हणता.

एका रविवारी तावातावानं गेलो आणि घोंगडीच ओढून काढली. आबांचे डोळे लाल झाले होते, छाती घरघरत होती.

"माझा टाका वाकडा कुठं पडला ते दाखवा," मी म्हटलं.

"सरळच पडतोय," आबा खोकत म्हणाले. "पर तुझी छाती आता ह्यो धूर सोसायची न्हाई. अन् मेस्त्रीला कळलं तर कामावरनं काढील तुला. म्हनून टाका वाकडा."

रडूच यायला लागलं. शेवटी म्हटलं, "मग निम्मी टाकी तुमी झाळा, निम्मी मी झाळतो."

"माझ्या मागं रडनारं कोन हाय?" आबा म्हणाले. "तुझ्या लेकीला निम्मा बाप चालंल का, इचार जा तिला."

आणि माझ्या हातातली घोंगडी घेऊन त्यांनी पुन्हा डोक्यावरून ओढली.