दुसऱ्या बसमधली मावशी

रफूवाल्या बाई चुकीच्या बसमध्ये चढल्या. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बस सुटली होती, पाठीला कुणीतरी उशी लावली होती आणि मांडीवर चार वर्षांची एक मुलगी येऊन बसली होती.

बाई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून उसवलेलं शिवत, लांब-आखूड करून देत. कितीतरी घरं त्या कपड्यांवरून ओळखत. कुणाच्या थोरल्याची पँट धाकट्याला आली, कुणाच्या आजोबांचा कोट नातवाला बसवायचाय, हे त्यांना बसल्या जागी कळे. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र माप घ्यावं असं कुणी नव्हतं. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत शहरातल्या गल्ल्या दिव्यांनी सजत. काल आम्ही सगळे बघून आलो, असं गिऱ्हाइकं सांगत. बाई "हो का" म्हणत आणि सुईत दोरा ओवत. दिवे बघत एकटीनं काय हिंडायचं, असं म्हणत त्यांनी अकरा वर्षं काढली होती. यंदा हिय्या करून त्यांनी दिवे दाखवायला नेणाऱ्या बसचं तिकीट काढलं. एकच.

थांब्यावर दोन पांढऱ्या बस उभ्या होत्या. पुढच्या बसच्या दाराशी, हातात यादी घेऊन, एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, "मावशी ना?"

बाईंना दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मावशीच म्हणत. त्या म्हणाल्या, "हो."

गृहस्थांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बसची कंपनी चांगली दिसते, असं बाईंना वाटलं.

ती बस एका कुटुंबानं दिवे बघायला ठरवलेली होती. आत सतरा माणसं होती, आणि ती सगळी परगावच्या धाकट्या मावशीची वाट बघत होती. ही मावशी बावीस वर्षांत फिरकली नव्हती. तिला ओळखणारा आता एकटा तो दारातला टक्कलवाला भाचा उरला होता, आणि त्यानं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते.

घोटाळा कळताच बाई घाईघाईनं म्हणाल्या, "अहो, मी तुमची मावशी नाही."

भाच्याचे डोळे भरून आले. कारण बावीस वर्षांपूर्वी, नेमकं हेच वाक्य बोलून मावशी निघून गेली होती. त्याच्या लग्नात ती दिवसभर स्वयंपाकघरात राबली, आणि तेवढ्यात बाहेर घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो तिच्याशिवाय काढून झाला. तो फोटो भिंतीवर लागलेला पाहून तिनं बॅग भरली होती.

"अजून राग गेला नाही ना तुझा?" भाचा म्हणाला.

बाईंनी पुरावा म्हणून तिकीट काढून दाखवलं. भाच्याच्या बायकोनं ते न वाचताच डोळ्याला रुमाल लावला. मावशींनी परतीचं तिकीटसुद्धा काढून ठेवलंय, असं तिनं सगळ्यांना सांगितलं आणि तिकीट आपल्या पर्समध्ये टाकून चेन ओढली. मग जो तो उठून समजूत घालायला आला. बाहेर घरांच्या छपरांवर दिव्यांची हरणं उभी होती, एका पाच मजली इमारतीवरून निळ्या दिव्यांचा धबधबा कोसळत होता. पण खिडकीत इतकी डोकी वाकली होती, की बाईंना त्यातलं जे काही दिसलं ते भाच्याच्या चष्म्याच्या काचांत दिसलं.

शेवटी भाचा म्हणाला, "एकदा माफ केलं म्हण. बाकी काही नको."

सतरा माणसं बाईंच्या तोंडाकडे बघत होती. ड्रायव्हरनंही गाडी हळू केली होती.

"केलं माफ," बाई म्हणाल्या.

मग फोटो निघाला. बाईंना मधोमध बसवलं. खांद्यावर कुणाकुणाचे हात होते ते त्यांना कळलं नाही, पण ते निघाले तेव्हा खांदे गार पडल्याचं मात्र कळलं.

बस थांब्यावर परतली. खाली उतरून मंडळी मुलांना बूट घालत असताना एक उंच बाई बॅग घेऊन सरळ रफूवाल्या बाईंकडे आली. ती मागच्या बसमधून उतरली होती.

"तुमची सीट छान होती," ती हळूच म्हणाली. "चौदा नंबर, तेवढी एकच रिकामी राहिली होती. मी इथंच उभी होते. माझ्याऐवजी तुम्ही चढलात ते पाहिलं आणि हायसं वाटलं. एवढ्या लांब आले, पण त्या दारात पाय टाकवेना."

बाईंनी खालमानेनं सगळं सांगून टाकलं. फोटोचं सांगितलं, आणि माफ केल्याचंही.

"तुम्ही कोण माफ करणाऱ्या?" ती बाई म्हणाली. आवाज चढला होता. भाचा गर्रकन वळला. मावशीचा चेहरा तो विसरला होता, आवाज विसरला नव्हता.

रफूवाल्या बाई माफी मागून निघणार होत्या, पण मुलगी त्यांच्या कडेवर झोपली होती आणि तिच्या मुठीत त्यांच्या स्वेटरचं बटण होतं. बाहेर थंडी होती, बस अजून तासभर त्या कुटुंबाचीच होती. भांडण आत बसून करावं असं ठरलं. सगळे पुन्हा चढले, मुलीसकट बाईही चढल्या.

खरी मावशी इतकी सोपी नव्हती. पहिल्यापासून सांग, म्हणाली. भाच्यानं पहिल्यापासून सांगितलं. त्यात तिनं चार चुका काढल्या. लग्नातल्या त्या फोटोत घरातलं मांजरसुद्धा होतं, ही गोष्ट तेव्हा निघाली. भाच्याची बायको मध्येच मावशीच्या बाजूला गेली. कुणी रडलं, कुणी हसलं, परत पहिल्यापासून सुरू झालं.

मागच्या सीटवर बाईंना खिडकी मिळाली होती. त्यांच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. तेच रस्ते पुन्हा आले, हरणं आली, निळा धबधबा अख्खाच्या अख्खा काचेवरून सावकाश सरकत गेला. बाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मांडीवरची मुलगी जागी होऊ नये म्हणून त्या जराही हलत नव्हत्या, आणि पुढच्या भांडणातला एक शब्दही निसटू नये म्हणून कान देऊन ऐकत होत्या.