आप्पांचा साहेब

गुजराती मुलखातल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत कुणी एक मालक सोडून दुसऱ्याच्या खात्यावर, म्हणजे कारखान्यात, साचे (माग) चालवायला गेला, की शेजारचे सुपडूआप्पा कौतुकानं म्हणतात, "आमना सायेबबी असाच व्हता!"

हा साहेब म्हणजे शहरातल्या जुन्या दफनभूमीत निजलेला एक गोरा अंमलदार. थडग्यावरचं नाव केव्हाच झिजलंय. आप्पा जन्मभर पावरलूमवर राबले. काम सुटल्यावर एकदा सावली बघून तिथे टेकले, राखणदारानं साहेबाची हकिकत सांगितली, आणि आप्पा त्याच्या पलटणीत भरती झाले ते झालेच.

साहेब भाडोत्री लढवय्या. आधी नवाबाचा पगार खाऊन मराठ्यांशी लढला. पगार थकला तसा मराठ्यांकडे आला आणि नवाबाशी लढला. शेवटी तोफांसकट कंपनीला मिळाला, तर कंपनीनं जिंकलेल्या मुलखावर त्यालाच लष्करी गव्हर्नर नेमलं. तो फ्रेंच होता की वलंदेज, म्हणजे डच, हे आप्पांच्या त्या दिवशीच्या लहरीवर असतं. मिशा मात्र दर वेळी वाढतात.

मी एकदा चिडवलं, "आप्पा, तुमचा साहेब पक्का दलबदलू!"

"घर सोडीसन पोटनामांगे फिरनं काय ऱ्हास, तुले काय समजी?" म्हणाले, आणि पुष्कळ दिवस अबोला धरला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खानदेशी लोक गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतो, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतो. यंदा आप्पांच्या ओट्यावर दोन घागरी दिसल्या. एक आप्पांच्या वारलेल्या बायकोची, आमच्या काकूंची, हे ठाऊक होतं.

"दुसरी?"

"सायेबनी. त्याले मांगेपुढे कोनी नही."

"अहो, तो ख्रिस्ती! त्याला सांजोरी चालेल?"

"पेवाले तापीनंच पानी व्हतं ना त्याले? मंग!"

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. घागरीकडे बघतच म्हणाले, "त्यानी तं मी भरी दिधी. मन्ही कोन भरी?"

आप्पा-काकूंना मूल नव्हतं. साऱ्या गल्लीला दरडावणारा हा माणूस केवढा एकटा आहे, ते मला तेव्हा कळलं.

"मी भरसू, आप्पा." माझी अहिराणी एरवी गुजरातीत घसरते, तेवढं वाक्य नीट आलं.

आप्पांनी घागरीवरचं खरबूज उतरवून माझ्या हातात दिलं.

"देठकडे हुंगीसन देख," म्हणाले. "असंच लेजो. माले कच्चं नही चालत."