पाट्यावरचं कातडं

रोह्याला आमच्या आळीत राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी समोरच्या ओट्यावर एक गृहस्थ पाहिले. ओल्या कातड्याचा चौकोनी तुकडा डाव्या गालाला लावून, डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, दाढ दुखत असेल. शेजारधर्म म्हणून मी लवंगेचं तेल घेऊन गेले. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, की दाढ ठीक आहे. भिजवलेल्या कातड्याचा कोरडा रंग परत आला आणि तरीही ते गालाला गार लागलं, की तीच वेळ नक्षी उठवायची, आणि ती वेळ आता माझ्याशी बोलण्यात चालली आहे. मी तेल घेऊन परत आले.

हे धुमाळकाका. पोस्टातून निवृत्त. नोकरीला लागले ते निडीच्या वाड्यांवर टपाल वाटायला, पण पुढची सगळी वर्षं रोह्याच्या ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारण्यात गेली. माणूस पोस्टातून बाहेर आला, पोस्ट माणसातून बाहेर आलं नाही. न कळवता आलेला पाहुणा त्यांच्या भाषेत बिनतिकिटाच्या पत्रासारखा ‘बैरंग’. भाजीत मीठ कमी असलं तर ‘तिकीट कमी लावलंय’. आणि कुणाचं काही हरवलं, अगदी चष्मा का असेना, की काका म्हणायचे, “वस्तू हरवत नाय हो, पत्ता अपुरा असतो.”

साठी उलटल्यावर या माणसानं कातड्यावर नक्षीकाम शिकायला घेतलं. दर गुरुवारी एस.टी.नं पेणला जायचे. तिथे चपला शिवणारे नामदेवमामा त्यांचे गुरू. वयानं काकांपेक्षा बरेच लहान, पण काका त्यांच्यासमोर शाळकरी पोरासारखे बसत. पहिल्या गुरुवारी काकांनी आपला कमरेचा पट्टा नेला. त्यावर ठसा उठेना. दुसऱ्या खेपेला पुतण्याचे कंपनीतले बूट नेले, पुतण्याला न विचारता. त्यावरही उठेना. मामांनी सांगितलं, की कारखान्याचं कातडं कामाचं नाही, हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं लागतं. पुतण्याला शिफ्टला चपला घालून जावं लागलं, गेटवरून परत पाठवलं, ते वेगळंच.

खरी अडचण पुढे होती. नक्षीचे ठसे म्हणजे मोठ्या खिळ्यांची डोकी कानशीनं घासून केलेले. दगडावर पसरलेल्या कातड्यावर ठसा उभा धरायचा आणि लाकडी हातोडीनं एकच, बेताचा ठोका द्यायचा. काकांचा हात मात्र शिक्क्याचा. आधी शाईच्या पॅडवर, मग पाकिटावर. ठक्‌-ठक्‌. इतकी वर्षं हाडात मुरलेली सवय. त्यामुळे पहिला ठोका जिथे पॅड असायला हवं तिथे, नुसत्या दगडावर, आणि दुसरा कातड्यावर, तोही शेवटची थैली सुटत असल्यासारखा. कातडं आरपार. मामा शांतपणे म्हणायचे, “काका, टपाल निघत नाय. दमानं घ्या.”

घरी खाली घ्यायला दगड हवा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला पाटा उचलला. ज्यावर काकू चटणी वाटायच्या त्या पाट्यावर कातडं. काकांच्या भावजयीनं त्या घरी जेवणं सोडलं. मीही दोनदा त्यांच्याकडची चटणी ‘पोट बिघडलंय’ म्हणून परत केली. नामदेवमामांच्या हातच्या चपला घालून आपण देवळापर्यंत जातो, आणि त्यांच्या विद्येला मात्र नाक मुरडतो. आज त्याची मला लाज वाटते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते कळायला मला दोन महिने लागले. काकू घरातून निघून जायच्या. विसरायला लागल्या होत्या. आधी गॅस, मग वार, मग माणसं. दुपारी काकांचा डोळा लागला की चप्पल घालून थेट स्टेशन. तीनदा सापडल्या. एकदा तर निडीला उतरून बंद असलेल्या माहेरच्या घरापुढे बसून राहिल्या होत्या. चौथ्यांदा सापडतीलच असं कुणी सांगावं? डॉक्टरांनी गळ्यात नाव-पत्त्याचा बिल्ला घालायला सांगितला. काकूंनी तो विहिरीत टाकला. मी काय गाय हाय का, म्हणाल्या. तेव्हा काकांनी ठरवलं, की त्यांना आपण होऊन घालावासा वाटेल इतका सुंदर पट्टा करायचा. मनगटावर बांधायचा, वर अबोलीची नक्षी, कारण काकूंना अबोलीचं वेड.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. दगडावरचा तो रिकामा ठोका हळूहळू बंद झाला. एक दिवस पट्टा झाला. अबोली जरा शेवंतीकडे झुकलेली होती, पण फूल होतं हे नक्की. खाली नाव, सुनंदा धुमाळ. काकूंनी तो हातात घेतला, कौतुकानं फिरवून पाहिला, आणि परत दिला. “कुणा सुनंदाबाईंचा हाय. ज्याचा त्याला देऊन टाका.”

काकांनी दुसरा केला. या वेळी वर माहेरचं नाव, यमुना मोरे, आणि आतल्या बाजूला आमच्या आळीचा पत्ता. तो घेऊन जवळ गेले तर काकू मागे सरकल्या. परपुरुषाकडून दागिना कसा घ्यायचा? त्या दिवशी काका ओट्यावर नुसते बसून होते. मी विचारलं तर म्हणाले, “पत्ता बरोबर हाय गो. मीच अपुरा पडलो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला काकूंपाशी बसवलं आणि कुठेतरी गेले. थोड्या वेळानं फाटकातून हाक आली, “यमुना मोरेऽ, पार्सल!”

काकू पदराला हात पुसत उठल्या. दारात खाकी शर्टातले काका. शर्ट पोटावर तटतटलेला, खांद्यावर पिशवी, हातात सुतळीनं बांधलेलं, लाखेनं बंद केलेलं पुडकं. त्यांनी कागद पुढे केला. काकूंनी वळणदार अक्षरात सही केली, यमुना. पुडकं फोडलं, नक्षीवरून बोट फिरवलं. “अबोली,” त्या मला म्हणाल्या, “आणि बघ गो, माझंच नाव.” मग काकांना विचारलं, “कुणी धाडलं?”

काकांनी सहीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. “पाठवणाऱ्याचं नाव नाय लिहिलेलं.”

काकूंनी हात माझ्यापुढे केला आणि मी पट्टा बांधला. मग त्यांना आठवलं. “उन्हातनं आलात. बसा, पानी देते.”

काका आपल्याच घराच्या ओट्यावर परक्यासारखे अंग चोरून बसले, पाणी प्यायले, तांब्या परत दिला. काकू दारात उभ्याच. पोस्टमन जाईपर्यंत दार लावायचं नाही, ही जुनी रीत. तेव्हा काकांना जावंच लागलं. फाटक ओढून ते आळीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि दिसेनासे झाले.

थोड्या वेळानं परसातल्या दाराची कडी वाजली. काका मागून आत आले, शर्ट बदलला आणि भाताला आधण ठेवलं.