मोटरीच्या खोलीतलं वारं

घरात ओरडायला बंदी झाल्यापासून अश्वजित शेतातल्या विहिरीवर जाऊन ओरडत असे. विहिरीच्या काठाला मोटर ठेवायची पत्र्याची खोली होती. तिथे तो कानाला हेडफोन लावायचा, डोळे मिटायचा आणि पोटाच्या तळातून असा काही खोल, घोगरा आवाज काढायचा की पत्रे थरथरत. मेटल संगीतात या आवाजाला ग्राउल म्हणतात. त्याच्या गावात, अमडापुरात, त्याला काय म्हणायचं ते अजून ठरायचं होतं.

बँडचं नाव 'कोरडवाहू'. गायला अश्वजित, गिटारवर कुलदीप, ड्रमवर गणेश. तिघंही चिखलीत पोटापाण्याचं काहीबाही करत आणि उरलेल्या वेळात प्रायोगिक मेटल. जिल्ह्यातले या संगीताचे सगळे श्रोते धाड गावाच्या एका जीपमध्ये बसले असते, आणि तरी जीपवाला आणखी सवाऱ्यांसाठी थांबला असता. त्या जगाच्या बातम्या देणारं 'काळाकुट्ट' नावाचं एक ऑनलाइन पत्र पुण्याहून निघे. कुठला बँड फुटला, कोणी तळघरात अल्बम केला, कोणत्या ड्रमरने सगळं सोडून बँकेत नोकरी धरली, असल्या बातम्या त्यात मोठ्या गांभीर्याने येत. संपादक इंद्रभान मूळचा धाडचाच, पण पुण्यात गेल्यापासून तो ते कोणाला सांगत नसे. 'कोरडवाहू'वर त्याने आजवर एक ओळही लिहिली नव्हती.

छापून येण्याची हौस अश्वजितला होतीच, पण खरी तगमग वेगळी होती. त्याला लोकांना काही सांगायचं होतं. त्याच्या सगळ्यात मोठ्या गाण्याचं नाव होतं 'अंगात कोणी येत नाही'. नवस, गंडेदोरे, अंगात येणं, सगळ्यावर त्यात कडक शब्दांत झोड उठवली होती. अडचण एवढीच, की ग्राउलमध्ये त्यातलं एक अक्षर कळत नसे. गणेश कित्येक महिने त्या गाण्यावर ड्रम बडवत होता आणि गाणं दुष्काळावर आहे अशी त्याची समजूत होती.

एका गुरुवारी दुपारी शेजारच्या शेतातल्या रुखमाबाई हरवलेली म्हैस शोधत विहिरीवर आल्या आणि खोलीच्या दारातच थबकल्या. आत सहदेव गुरुजींचा पोरगा मोकळे केस गदागदा हलवत होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि तोंडातून निघणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. रुखमाबाईंनी पदर सारखा केला आणि हात जोडले.

"देवा, माही म्हैस कुठी हाय?"

हेडफोनमुळे देवाला काही ऐकू आलं नाही. गाणं संपताना मेटलवाले पहिलं बोट आणि करंगळी ताणून हात उंच करतात, तसा त्याने केला. तो हात नेमका शेजारच्या उंद्री गावाच्या दिशेने गेला. म्हैस संध्याकाळी उंद्रीच्या कोंडवाड्यात सापडली. हरवलेली म्हैस बहुधा कोंडवाड्यातच सापडते, पण सापडल्यावर हा विचार कोण करतो?

दुसऱ्या दिवशी खोलीसमोर बायामाणसं बसलेली होती. पुढे नारळ, ऊदबत्ती, आणि सगळ्यांच्या पुढे रुखमाबाई.

"काकू, हे गाणं हाय," अश्वजित म्हणाला. "सराव करून राह्यलो मी."

"हाव ना, बाबू. देव कधी म्हनते का, मी देव हाय म्हणून?"

नाही म्हणावं तर विश्वास वाढतो, गप्प बसावं तरी वाढतो. तेवढ्यात गर्दीतल्या उकंडरावांनी पाय धरले आणि भावासोबतच्या भांडणाचं गाऱ्हाणं मांडलं. अश्वजितचं डोकं फिरलं.

"मले काय माहीत? निघा तुम्ही! आत्ताच्या आत्ता निघा!"

उकंडराव भक्तिभावाने निघाले. घरी जाऊन त्यांनी भावाला सांगितलं, की देवाने वेगळं निघायला सांगितलं आहे, आणि दिवस मावळायच्या आत चूल वेगळी मांडली. भाऊ पुंजाजी तडक सहदेव गुरुजींच्या दारात.

"गुरुजी, तुमच्या पोरानं माह्यं घर फोडलं!"

सहदेव गुरुजींची उभी नोकरी शिकवण्यात गेली होती, आणि सुट्ट्या गावोगाव बुवाबाजीच्या विरोधात भाषणं देण्यात. सगळा प्रकार ऐकून त्यांनी पुंजाजीला फाटकापर्यंत पोचवलं, तर पायरीवर कोणीतरी नारळ आणि हळदकुंकू ठेवून गेलेलं. घरात यावं तर त्यांच्या थोरल्या वहिनी कलाबाई अश्वजितच्या उशीखाली लिंबू सरकवत होत्या.

"वहिनी, तुम्हीबी?"

"मी काय मानते थोडी, भाऊजी. पण लिंबानं बिघडते काय?"

गुरुजींनी पोराला समोर उभं केलं. "जिंदगीभर ज्याच्या विरोधात बोललो, तोच बुवा माह्या घरात निघाला! तोंड दाखवाची सोय ठेवली नाई तू."

"बाबा, ते गाणं हाय."

"गाण्यात शब्द असतात बे. तुह्या त्या रेकण्यात शब्द कुठी हायत?"

हे अश्वजितला फार लागलं. शब्दच तर होते त्यात. पण ते सांगावं तर बाप ऐकायला थांबला नाही, आतल्या खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

यावर अश्वजितला एकच उपाय सुचला, आणि तो शिकल्यासवरल्या माणसाला शोभेलसा होता. जाहीर कार्यक्रम करायचा. गिटार दिसेल, ड्रम दिसेल, तारा-वायरी दिसतील, आणि हे संगीत आहे हे आंधळ्यालाही कळेल.

"करूच बे," कुलदीप म्हणाला. "पब्लिक आयती हाय."

"ती बुवासाठी येऊन राह्यली, कुल्या."

"कायसाठीबी येऊ दे. बसली म्हणजे झालं ना!"

बाजाराच्या दिवशी दुपारी मंगल कार्यालय ठरलं. इंद्रभानला फोन केला. अमडापुरात मेटलचा जाहीर कार्यक्रम म्हटल्यावर तो चक्क येतो म्हणाला. राहिला फ्लेक्स. मेटलमध्ये बँडचं नाव कोणालाही वाचता येऊ नये असं काढायची रीत आहे. अक्षरांना काटे फुटतात, मुळ्या फुटतात, आणि जितकं कमी कळेल तितका बँड अस्सल. कुलदीपने 'कोरडवाहू' तसं काढलं, आणि हौसेच्या भरात खाली 'अंगात कोणी येत नाही' हेही तसंच काढलं. त्यामुळे लोकांना जे वाचायला हवं होतं ते कोणाला वाचता आलं नाही. काळ्या फ्लेक्सवरची ती पांढरी गुंतवळ म्हणजे काहीतरी जबर मंतरलेलं यंत्र असणार, असं ठरलं. दुपारपर्यंत फ्लेक्सखाली तांदळाची रास झाली होती.

कार्यालय खच्चून भरलं. उंद्रीहून, धाडहून माणसं आली. दारात चपलांचा ढीग पडला, कारण देवासमोर चपला कोण घालतं? गणेशने ड्रमवर पहिला घाव घातला, कुलदीपची गिटार करवतीगत ओरडली आणि अश्वजितने पोटातून आवाज काढला. पुढच्या ओळीतल्या दोन बाया उठल्या. त्यांनी केस मोकळे सोडले आणि त्या घुमू लागल्या. मग चार उठल्या, मग बापेही उठले. सगळं सभागृह ताल धरून माना झटकत होतं. अशी गर्दी पुढ्यात मिळावी म्हणून या पोरांनी किती वर्षं झुरावं, आणि मिळावी ती अशी!

इंद्रभान मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत होता. "पुण्यात इतकं अस्सल हेडबँगिंग होत नाही रे!" तो कोणाला तरी ओरडून सांगत होता.

गाणं थांबलं की प्रश्न सुरू होत. "पोराचं लगन कधी जमते?" "बोअरले पानी कुठी लागन?" कुलदीप मान खाली घालून गिटारची तार लावत होता. अश्वजितने दाराकडे पाहिलं. हाताची घडी घालून सहदेव गुरुजी उभे होते. ते कधी आले होते कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम होती. रागाला अश्वजित सरावला होता. ही शरम मात्र त्याला सोसवेना.

शेवटचं गाणं 'अंगात कोणी येत नाही'. पहिलं कडवं त्याने ग्राउलमध्ये घेतलं, लोक हात जोडून डोलले, आणि त्याने मधेच हात वर करून गणेशला थांबवलं. माईक तोंडाशी धरला आणि साध्या, रोजच्या आवाजात उरलेलं गाणं सांगायला लागला.

"अंगात कोणी येत नाही, माय-बापहो. येते ती भूक, येतो तो ताप. ज्याच्या पाया पडता, तो तुमच्याच खिशातलं खातो. हात जोडायच्या आधी विचार करा. कोणी सांगतलं म्हणून मानू नका. मी सांगतलं म्हणूनही मानू नका."

सभागृह एकदम गप्प झालं. क्षणभर अश्वजितला वाटलं, पोचलं. आज पोचलं.

"गेलं, माय," रुखमाबाई उसासा टाकून म्हणाल्या. "वारं उतरलं त्याचं. आता पोरगं आपलं असंच बोलून राह्यलं."

घुमणाऱ्या बायांनी केस बांधले. लोक चपला शोधू लागले. उकंडरावांनी मंचावर ठेवलेला नारळ चोरून पिशवीत घातला. भर बाजारात वेळ फुकट गेला, असं बोलत माणसं बाहेर पडली.

इंद्रभान मंचावर चढला. "जबरदस्त, मित्रा! उद्या पहिली बातमी तुमची. फक्त शेवटचं ते बोलणं मी व्हिडिओतून काढतो. घसा बसला होता का?" उत्तराची वाट न पाहता तो पुण्याच्या गाडीसाठी पळाला.

कुलदीप आणि गणेश सामान गुंडाळत होते. रिकाम्या खुर्च्यांतून सहदेव गुरुजी पुढे आले आणि पहिल्या रांगेत बसले.

"ते शब्द माह्ये हायत," ते म्हणाले.

"हाव, बाबा. तुमच्या भाषणातलेच घेतले सारे."

"अन् ते ओरडत होता, त्यातबी हेच होतं?"

"पहिल्यापासून."

गुरुजींनी फ्लेक्सकडे पाहिलं. "मी हे साफ आवाजात सांगत फिरलो, बाबू. गावोगाव. कधी माईकवाला अन् सतरंजीवाला, एवढेच ऐकाले असायचे. आज पाह्य, उभं राहाले जागा नव्हती." मग दाराकडे एकदा पाहून त्यांनी हळूच विचारलं, "ते घशातून काढतात का पोटातून?"

"पोटातून."

गुरुजी उठले. मंचावर चढून त्यांनी माईक हातात घेतला, डोळे मिटले, छातीत श्वास भरला आणि पोटाच्या तळातून, पत्रे हादरतील असा आवाज काढला.

"विचाऽऽर कराऽऽ!"

विसरलेली पिशवी घ्यायला परत आलेल्या रुखमाबाई दारातच थांबल्या. त्यांनी घाईघाईने चपला काढल्या आणि रस्त्याकडे वळून जोरात हाक मारली.

"परता वं सगळ्या! आता गुरुजींच्या अंगात आलं!"